रेडिओ स्टुडिओतली यंत्रं आणि सॉफ्टवेअर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टुडिओ बघायला आलेली माणसं, पहिल्यांदाच माइकसमोर बसणारे निवेदक आणि घरच्या खोलीतून इंटरनेट रेडिओ सुरू करू पाहणारे हौशी, या तिघांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं, म्हणून लांबू दिली.

कुठला माइक घेऊ?

सगळे आधी हेच विचारतात, म्हणून पहिलं उत्तर याचं. महत्त्वाच्या क्रमाने लावायचं तर हा प्रश्न चौथा-पाचवा येईल.

ढोबळमानाने माइकच्या दोन जाती. डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला चिकटलेलं तारेचं वेटोळं चुंबकाजवळ हलतं आणि त्यातून सिग्नल तयार होतो. कंडेन्सरमध्ये अतिशय पातळ पडदा आणि त्यामागची पट्टी यांच्यातलं अंतर बदलत राहतं. त्याला बाहेरून वीज लागते, बहुधा मिक्सरकडून केबलवाटेच येणारे ४८ व्होल्ट. यालाच फँटम पॉवर म्हणतात. कंडेन्सर आवाजातले बारकावे जास्त टिपतो, पण खुर्चीची करकर, कागदांची सळसळ आणि शेजारच्या खोलीतला पंखाही तो तेवढ्याच प्रेमाने टिपतो.

त्यामुळे बोलण्याच्या स्टुडिओत बहुतेक ठिकाणी डायनॅमिकच दिसतो. इलेक्ट्रो-व्हॉइसचा आरई-२० हा १९६८ पासून आणि शूरचा एसएम-७ हा १९७३ पासून निवेदकांच्या तोंडासमोर आहे. आजचा एसएम-७बी त्याचाच पुढचा अवतार. न्यूमनच्या यू-८७ सारखे कंडेन्सरही वापरतात, पण खोली नीट बांधलेली असेल तिथेच.

एसएम-७बी घेणाऱ्यांसाठी एक सूचना. त्याचा सिग्नल फार क्षीण असतो, सुमारे ६० डेसिबल (आवाजाची पातळी मोजायचं एकक) गेन, म्हणजे वाढ, द्यावी लागते. साध्या इंटरफेसवर (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्यावर) तेवढा गेन दिला की आवाजाबरोबर मागची सूंऽऽ पण वर येते आणि माणूस माइकला नावं ठेवतो. दोष असतो प्रीअँपचा, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या भागाचा.

मग माइकच्या आधी काय महत्त्वाचं?

खोली. रिकाम्या खोलीत उभे राहून एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीनंतर 'टर्रर्र' अशी बारीक थरथर ऐकू आली, तर समोरासमोरच्या दोन भिंती आवाजाचा चेंडू खेळताहेत असं समजा. कितीही महागडा माइक आणलात तरी ती थरथर त्यात येणारच, आणि एकदा ध्वनिमुद्रणात शिरलेली खोली सॉफ्टवेअरने पूर्णपणे बाहेर काढता येत नाही. बोलण्याच्या स्टुडिओत आवाज विरायला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागावा, असं साधारण धोरण असतं.

भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले तर?

नको. त्यांनी फार तर उंच स्वरांमध्ये थोडा फरक पडतो. खालचे स्वर त्यातून सरळ आरपार जातात, शिवाय ट्रे चटकन पेट घेतात ते वेगळंच.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. खोलीतला घुमारा कमी करणं हे एक काम आणि बाहेरचा आवाज आत येऊ न देणं हे दुसरं. घुमाऱ्यासाठी मऊ, जाड, सच्छिद्र वस्तू लागतात: खनिज लोकरीचे पॅनेल, जाड पडदे, गाद्या, पुस्तकांनी खचाखच भरलेलं कपाट. बाहेरचा आवाज अडवायला मात्र वजन लागतं, आणि फटी बुजवाव्या लागतात. स्टुडिओला दोन दारं आणि मध्ये चिंचोळी जागा असते ती यासाठीच. भिंतींना कितीही फोम लावलात तरी दाराखाली बोटभर फट असेल, तर बाहेरचा हॉर्न थेट हवेत, म्हणजे प्रक्षेपणात, जाणार.

माइकपासून किती अंतरावर बसायचं?

चार ते सहा बोटं, आणि तोंड माइकच्या अगदी नाकासमोर न ठेवता किंचित तिरकं. अंतर दुप्पट केलं की थेट आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. म्हणून लांब बसलेला माणूस 'विहिरीतून बोलल्यासारखा' वाटतो.

तिरकं बसण्याचं कारण आपल्या भाषेतच आहे. मराठीत महाप्राण व्यंजनं पावलोपावली येतात. 'भाऊ भलताच भित्रा' किंवा 'फक्त फायदा बघू नका' हे माइकच्या समोर तोंड करून म्हणून बघा. प्रत्येक फ आणि भ बरोबर निघालेला हवेचा झोत पडद्यावर आपटतो आणि 'भप्' असा धक्का ऐकू येतो. पॉप फिल्टरने (माइकपुढे लावायच्या जाळीने) तो कमी होतो, तोंड जरा वळवल्याने जास्त कमी होतो. नवीन निवेदकाची चाचणी घेताना मी 'हॅलो, एक दोन तीन' म्हणायला लावत नाही, हीच दोन वाक्यं म्हणायला लावतो. त्यानंतर 'सशाची शिंगं शोधताना' म्हणायला सांगतो, म्हणजे स-श किती शिट्टी मारतात तेही कळतं.

रेडिओवरचा तो भारदस्त आवाज मशीनने येतो का?

अर्धा येतो. बहुतेक स्टुडिओ माइक एकाच दिशेचं ऐकतात, आणि अशा माइकजवळ गेलं की खालचे स्वर आपोआप फुगतात. याला प्रॉक्सिमिटी इफेक्ट म्हणतात. निवेदक माइकला जवळजवळ चिकटून बोलतात ते हौसेने नव्हे. आरई-२० ची रचना मुद्दाम अशी केली आहे की हा परिणाम कमी व्हावा. त्यामुळे निवेदक खुर्चीत मागेपुढे झाला तरी आवाजाचा पोत फारसा बदलत नाही.

त्यापुढे कंप्रेसर येतो. तो मोठा आवाज दाबतो, मग एकूण पातळी वर उचलली जाते आणि कुजबुजसुद्धा कानाशी आल्यासारखी वाटते. बाकीचं श्रेय श्वासाला आणि सरावाला. ते विकत मिळत नाही.

समोरचं ते लांबलचक मशीन म्हणजे मिक्सरच ना?

दिसायला तसंच, पण गाण्याच्या कार्यक्रमात मंचाजवळ ठेवलेला मिक्सर आणि रेडिओचा कन्सोल यांच्या स्वभावात फरक आहे. मंचावरच्या मिक्सरला प्रत्येक चॅनलवर दहा-बारा गोल खुंट्या असतात. रेडिओच्या कन्सोलवर त्या जवळपास नसतातच. असतो एक फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती खुंटी), त्याच्या खाली ऑन आणि ऑफ अशी दोन ठळक बटणं, आणि वर तो आवाज कुठल्या वाटेने पाठवायचा हे ठरवणारी काही बटणं. थेट प्रक्षेपणात माणूस एका हाताने पान उलटत असतो, नजर घड्याळावर असते. अशा वेळी खुंट्यांचं जंगल परवडत नाही.

गंमत पुढे आहे. माइकचं ऑन बटण दाबताच तीन गोष्टी एकदम घडतात: माइक सुरू होतो, खोलीतले स्पीकर आपोआप बंद होतात, दाराबाहेरचा लाल दिवा लागतो. स्पीकर बंद झाले नाहीत तर त्यांचा आवाज माइकमध्ये शिरून कर्कश शिट्टी सुरू होईल. गाण्याच्या फेडरचं ऑन दाबलं की प्लेआउट कॉम्प्युटरला (गाणी वाजवणाऱ्या कॉम्प्युटरला) इशारा जातो आणि त्याच क्षणी गाणं सुरू होतं. आणखी एक बटण असतं, क्यू. हवेत जाण्याआधी एखादा आवाज आपल्यापुरता ऐकून घ्यायचा असेल तर ते दाबायचं. खोकल्याचंही बटण असतं. दाबून धरा, खोका, सोडा.

फोनवरचा श्रोता हवेत कसा येतो? त्याला स्वतःचाच आवाज परत का ऐकू येत नाही?

सगळ्यात जास्त डोकेदुखी इथे आहे, त्यामुळे सविस्तर सांगतो.

जुन्या फोनलाइनमध्ये दोनच तारा, आणि जाणारा-येणारा आवाज त्याच दोन तारांवरून. स्टुडिओला मात्र समोरच्याचा आवाज वेगळा हवा असतो. हे वेगळं करणाऱ्या यंत्राला हायब्रिड म्हणतात. आपण काय पाठवलं हे त्याला ठाऊक असतं, तेवढं तो वजा करतो आणि उरलेला आवाज कन्सोलला देतो. १९८० च्या दशकात टेलॉसने हे काम डिजिटल गणिताने करून दाखवलं आणि फोनवरचे कार्यक्रम ऐकण्यालायक झाले. आता बहुतेक फोन इंटरनेटवाटे येतात आणि दोन्ही दिशा मुळातच वेगळ्या असतात, तरी प्रश्न पुरता सुटलेला नाही.

श्रोत्याला परत काय पाठवायचं, हा खरा प्रश्न. त्याला निवेदक ऐकू यायला हवा, गाणं ऐकू यायला हवं, दुसरा पाहुणा ऐकू यायला हवा. स्वतःचा आवाज तेवढा नको. म्हणजे पूर्ण कार्यक्रम, उणे तो स्वतः. याचं नाव मिक्स-मायनस. दोन श्रोते एकाच वेळी असतील तर दोन वेगळी मिक्स-मायनस लागतात, कारण प्रत्येकाच्या वजाबाकीतला 'स्वतः' वेगळा. रेडिओ कन्सोलमध्ये ही वजाबाकी आपोआप होते. साध्या मिक्सरवर ऑक्स सेंड (चॅनलचा आवाज वेगळ्या वाटेने बाहेर पाठवणारी खुंटी) वापरून ती हाताने जमवावी लागते: सगळ्या चॅनलचा ऑक्स उघडा, फोनच्या चॅनलचा शून्यावर. घरून कार्यक्रम करणाऱ्यांपैकी निम्म्यांची 'पाहुण्याला प्रतिध्वनी ऐकू येतोय' ही तक्रार ही एक खुंटी शून्यावर नेल्याने मिटते.

'आधी रेडिओ बंद करा' असं का सांगतात?

श्रोत्याच्या घरातला रेडिओ काही सेकंद मागे असू शकतो, इंटरनेटवर ऐकत असेल तर बराच जास्त. तोच आवाज फोनमधून पुन्हा स्टुडिओत येतो. शिवाय स्वतःचं वाक्य उशिराने कानावर पडलं की चांगला बोलणारा माणूसही अडखळायला लागतो.

कुणी हवेत शिवी दिली तर?

त्यासाठी डिले नावाचं यंत्र. कार्यक्रम काही सेकंद उशिरा हवेत जातो, आणि तेवढ्या अवधीत डंप बटण दाबलं की शेवटचे काही सेकंद वगळून प्रक्षेपण पुढे उडी मारतं. उडी मारल्यावर राखीव अवधी संपतो. तो परत कमवायला यंत्र पुढचा आवाज कळेल न कळेल इतका ताणत जातं. शब्दांमधल्या फटी केसभर रुंद होतात आणि थोड्या वेळात सगळे सेकंद परत जमा. हातचलाखीच म्हणायची, पण सुंदर.

गाणी निवेदक लावतो की कॉम्प्युटर?

कॉम्प्युटर. त्यातही दोन वेगळी सॉफ्टवेअर असतात आणि लोक त्यांना एकच समजतात.

पहिलं वेळापत्रकाचं. कुठलं गाणं किती दिवसांनी परत यावं, एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ येऊ नयेत, सकाळी संथ गाण्यांचा ढीग पडू नये, असे नियम त्यात भरायचे आणि ते पूर्ण दिवसाची यादी काढून देतं. आरसीएस कंपनीचं सिलेक्टर १९७९ पासून हे करत आलं आहे. म्युझिकमास्टर, पॉवरगोल्ड ही याच कामाची दुसरी नावं.

दुसरं प्लेआउटचं. ही यादी घेऊन प्रत्यक्ष आवाज वाजवणारं: झेटा, एन्को, एमएअरलिस्ट, मिरियड अशी बरीच आहेत. प्लेआउटमध्ये प्रत्येक गाण्यावर अदृश्य खुणा असतात. कुठून सुरू करायचं, गायक पहिला शब्द कधी उच्चारतो, पुढचं गाणं कुठे उचलायचं. पडद्यावर उलटे आकडे धावतात, '१४, १३, १२...'. गाण्याच्या सुरुवातीच्या वाद्यमेळावर निवेदक बोलत राहतो आणि गायकाने तोंड उघडायच्या क्षणी बरोबर थांबतो, ते या आकड्यांच्या जोरावर. खूण चुकीची पडली असेल तर निवेदक गायकाच्या अंगावर बोलतो आणि दोष त्याच्या माथी येतो. माझ्या मते नवीन माणसाला सगळ्यात आधी शिकवावं ते या खुणा पाडायला. काम कंटाळवाणं आहे, पण कान तयार होतो.

'कार्ट' म्हणजे काय? पडद्यावर हा शब्द सगळीकडे दिसतो.

जुना भाडेकरू गेला, पाटी राहिली. १९५९ च्या सुमारास टेपची कार्ट्रिज आली. आत टोकाला टोक जोडलेली अखंड टेप, तिच्यावर श्रोत्याला ऐकू न येणारा वेगळा इशारा नोंदलेला. जाहिरात वाजून संपली की टेप स्वतःहून फिरत परत सुरुवातीशी येऊन थांबायची. कार्ट खाचेत घालायची, बटण दाबायचं, आवाज लगेच. ती यंत्रं कधीच गेली. आज पडद्यावर चौकोनी बटणांची जी भिंत दिसते, टाळ्या, जिंगल्स, बातम्यांची धून, तिला अजून कार्ट वॉलच म्हणतात.

फुकट सॉफ्टवेअरवर स्टेशन चालेल का?

चालतं, खरोखर चालतं. लिनक्सवरचं रिव्हेंडेल हे पूर्ण वाढीचं मुक्तस्रोत प्लेआउट आहे. ब्राउझरमधून चालवायचं असेल तर लिब्रटाइम किंवा अझुराकास्ट. विंडोजवर रेडिओडीजे. श्रोत्यांपर्यंत प्रवाह पोहोचवायला आइसकास्ट, आणि आपल्या कॉम्प्युटरवरून आइसकास्टपर्यंत आवाज ढकलायला बट नावाचं छोटंसं सॉफ्टवेअर.

पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. पहाटे चारला सर्व्हर बसला तर उठवायला कोणी नसतं, आपणच उठायचं. हे मान्य असेल तर बिनधास्त घ्या.

आणि सॉफ्टवेअर कुठलंही असो, प्लेआउटच्या कॉम्प्युटरवरचे सगळे सूचनांचे आवाज पहिल्या दिवशी बंद करा, आपोआप होणारे अपडेट थांबवा, त्यावर मेल उघडू नका. गंभीर मुलाखत चालू असताना 'टिंग' करून मेल आल्याची वर्दी आख्ख्या श्रोतृवर्गाला गेलेली मी या कानांनी ऐकली आहे. पाहुण्याने खिशातला फोन चाचपला.

संपादनासाठी काय वापरता?

ऑडिशन, रीपर, हिंडेनबर्ग, ऑडॅसिटी. ज्याला हात बसेल ते. ऑडिशन म्हणजे पूर्वीचं कूल एडिट प्रो, २००३ मध्ये अडोबीने घेतलं. जुने लोक अजून त्याला 'कूल एडिट'च म्हणतात. बोलण्याच्या कापाकापीला ऑडॅसिटी पुरतं.

एक सांगणं आहे. नवशिका संपादक सगळे श्वास कापतो. मग बोलणारा माणूस पाण्याखाली असल्यासारखा वाटतो आणि ऐकणाऱ्याचाच जीव गुदमरतो. मोठा श्वास कापू नका, ८-१० डेसिबल खाली आणा. आणि कापलेल्या जागी पूर्ण शांतता भरू नका. मुलाखतीच्या खोलीतलं अर्धं मिनिट काही न बोलता ध्वनिमुद्रित करून ठेवा आणि त्यातले तुकडे तिथे पेरा. शून्य शांतता कानाला भोकासारखी जाणवते.

एमपी३ चालेल का?

ऐकायला चालेल, साठवायला नको. एमपी३ मध्ये कानाला जाणवणार नाही असा भाग काढून टाकलेला असतो. तीच फाइल प्लेआउटमधून निघून स्टुडिओ ते ट्रान्समीटरच्या दुव्यात किंवा इंटरनेट प्रवाहात पुन्हा दाबून लहान केली जाते. तिथलं यंत्र आधीच सोललेल्या फळाची पुन्हा साल काढायला बसतं. तीनदा असं झालं की झांजांचा आवाज पाण्यात बुडबुडे आल्यासारखा येतो.

१६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले, तो हा आकडा) स्टिरिओ वेव्ह फाइल मिनिटाला जेमतेम १० मेगाबाइट घेते. डिस्क आता स्वस्त आहेत. मूळ वेव्ह ठेवा, प्रक्षेपणाच्या साखळीत शक्यतो सगळीकडे ४८ किलोहर्ट्झ ठेवा, आणि एमपी३ फक्त शेवटच्या टोकाला करा.

मीटर कुठवर जायला हवा?

डिजिटलमध्ये शून्य हे छत आहे. त्याला डोकं आपटलं की आवाज फाटतो आणि तो नंतर शिवता येत नाही. युरोपीय पद्धतीत नेहमीची पातळी उणे १८ डेसिबलला धरतात, अमेरिकी पद्धतीत उणे २० ला. वरची जागा हसण्या-ओरडण्यासाठी मोकळी. सुयांच्या जुन्या व्हीयू मीटरला हलायला सुमारे ३०० मिलिसेकंद लागायचे. त्यामुळे तो सरासरी दाखवायचा, टाळीचा क्षणिक शेंडा दाखवायचा नाही.

मोठेपणा कानाला किती वाटतो, हे मोजायचं एकक वेगळं, एलयूएफएस. युरोपीय प्रसारण संघाच्या आर-१२८ शिफारशीत, जी २०१० मध्ये आली, उणे २३ हा आकडा आहे. इंटरनेटवर त्याहून जास्त ठेवतात. आकडा कुठला यापेक्षा सगळे कार्यक्रम एकाच आकड्यावर असणं मोलाचं, म्हणजे श्रोत्याला सारखं आवाजाच्या बटणाकडे जावं लागत नाही.

ट्रान्समीटरच्या आधी जो 'प्रोसेसर' असतो तो काय करतो?

एफएममध्ये आवाज जितका मोठा, तितकी लहरीची वारंवारता मूळ जागेपासून सरकते, आणि सरकण्याला मर्यादा आहे: बहुतेक देशांत दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झ. ती ओलांडली तर शेजारच्या स्टेशनच्या अंगणात पाय. प्रोसेसर ही सीमा राखतो, आणि सीमेच्या आत आवाज भरगच्च करतो. ऑर्बन कंपनीचं ऑप्टिमॉड १९७५ मध्ये आलं आणि हा शब्द यंत्राचं सामान्यनाम असल्यासारखा रुळला. आवाजाचे मंद्र, मध्य, तार असे पट्टे पाडून प्रत्येक पट्टा वेगळा दाबला जातो, म्हणजे ढोलाच्या ठोक्याने गायिकेचा आवाज खाली जात नाही.

भरगच्च करण्याच्या नादात काही स्टेशनं सगळंच सपाट करतात. तासाभरात कान थकतात आणि का थकले हे श्रोत्याला सांगता येत नाही, तो नुसता दुसरं स्टेशन लावतो. मला विचाराल तर खुंटी दोन खाचा मागे ठेवावी.

हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज पोकळ का वाटतो?

तुमचा आवाज हाडांमधून कानात तत्क्षणी पोहोचतो. तोच आवाज डिजिटल यंत्रांमधून फिरून काही मिलिसेकंदांनी हेडफोनमध्ये येतो. दोन्ही एकमेकांवर पडले की काही स्वर पुसले जातात आणि डबा तोंडाला लावून बोलल्यासारखं होतं. उशीर १० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की बहुतेकांना खटकतो. उपाय: हेडफोनला आवाज कन्सोलमधूनच द्या, कॉम्प्युटर किंवा प्रोसेसरमधून फिरवून नको. आणि हेडफोन बंद पाठीचे घ्या, नाहीतर त्यांतला आवाज गळून माइकमध्ये जातो.

ऑडिओमध्ये 'घूंऽऽ' येतंय. काय करू?

ती विजेची गुणगुण, देशाप्रमाणे ५० किंवा ६० हर्ट्झची. दोन यंत्रं वेगवेगळ्या सॉकेटवरून अर्थिंग घेतात, त्यांना जोडणाऱ्या केबलमधून एक वर्तुळ पूर्ण होतं आणि त्यात गुणगुण फिरते. सगळी यंत्रं एकाच पट्टीवरून चालवून बघा. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, निम्म्या वेळा तोच चोर निघतो. यंत्राची अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नका, ती जीव वाचवायला असते.

तीन पिनांची एक्सएलआर केबल याच कारणासाठी. तिच्यात एकच आवाज दोन तारांवर सुलटा आणि उलटा असा जातो. वाटेत शिरलेली गुणगुण दोन्ही तारांवर सारखीच असते, पुढचं यंत्र दोघांची वजाबाकी करतं आणि गुणगुण नाहीशी होते.

बाहेरच्या ठिकाणाहून थेट कार्यक्रम कसा आणतात?

आयपी कोडेक. छोट्या डब्यात एक-दोन माइक लागतात, तो इंटरनेटवरून स्टुडिओतल्या जोडीदार डब्याशी बोलतो. चांगले कोडेक दोन-तीन मोबाइल जोडण्या एकदम वापरतात, एक कमजोर झाली तर दुसरी सांभाळते. आत बहुधा २०१२ मध्ये प्रमाणित झालेली ओपस ही आवाज दाबून लहान करायची पद्धत असते. साध्या फोनवरून बोलणाऱ्याचा आवाज ३४०० हर्ट्झच्या पुढे पोहोचत नाही, ओपसवर तोच माणूस शेजारी बसल्यासारखा येतो. स्टुडिओच्या आतही आता आवाज नेटवर्क केबलवरूनच धावतो: लाइव्हवायर, डँटे वगैरे पद्धतींनी. वेगवेगळ्या कंपन्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून २०१३ मध्ये एईएस-६७ हे मानक आलं.

अचानक सगळं शांत झालं तर?

रेडिओवाल्यांची सगळ्यात मोठी भीती. म्हणून सायलेन्स डिटेक्टर लावतात. ठरावीक सेकंद आवाज आला नाही तर तो मोबाइलवर संदेश पाठवतो आणि राखीव यंत्रावरची गाणी सुरू करतो.

मी काम करत होतो त्या एका ठिकाणी रात्री बाराला नवीन दिवसाची यादी चढवायची राहून गेली. ११:५९ चं शेवटचं गाणं संपलं आणि पुढे काहीच नाही. डिटेक्टरने ३० सेकंदांनी राखीव यंत्र सुरू केलं, ते इमानेइतबारे वाजलंसुद्धा. फक्त त्यावर कुणीतरी दोन वर्षांपूर्वी चाचणीसाठी टाकलेली एकच फाइल होती. सकाळी पाचला पहिला निवेदक येईपर्यंत स्टेशनवर तीच चार मिनिटांची बासरी गोल गोल वाजत होती. एका श्रोत्याने फोन करून कलाकाराचं नाव विचारलं. तेव्हापासून राखीव यंत्रावर काय आहे ते दर महिन्याला ऐकतो. त्याला आणि कन्सोलला एकच यूपीएस देऊ नका, हेही त्याच वर्षी शिकलो.

पाण्याची बाटली आत नेली तर चालेल?

निवेदकाला पाणी लागतंच. टोपण लावलेली बाटली, आणि ती टेबलावर नाही, खाली जमिनीवर. फेडरच्या फटीतून आत गेलेलं पाणी कुठे जातं ते मी कन्सोल उघडून बघितलेलं आहे.